गावच्या जिल्हा परिषद शाळेचा दोन वर्षांचा अनुभव, पगार स्लिप आणि पोरीची वही दोन्ही बघून लिहितेय

"मास्तरांना लाख लाख पगार आणि पोरांना साधी वजाबाकी येत नाय." हे वाक्य आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच. मी तालुक्याच्या एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे, नऊ वर्षं झाली, आमचे निम्मे कर्जदार शिक्षक आहेत, म्हणजे त्यांच्या पगार स्लिपा माझ्याच टेबलावर येतात. आणि माझी लेक गेली दोन वर्षं, तिसरी आणि चौथी, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती. त्यामुळे पगार किती ते पण जवळून बघितलंय आणि पोरांना काय येतं ते पण रोज घरी बघितलंय. आता ती पाचवीला हायस्कूलला चाललीय, म्हणून शाळेचा रिव्ह्यू लिहून ठेवते, ज्यांना जूनमध्ये ठरवायचंय त्यांना उपयोग होईल. शाळेचं आणि गावाचं नाव टाकत नाही, त्या माणसांना वरून फोन यायला नकोत. सरांचं जे काही लिहिलंय ते त्यांना विचारून लिहिलंय.

आधी लेक तालुक्याच्या एका इंग्लिश मीडियमला होती. फी वर्षाला २६,०००, व्हॅनचे महिन्याला ९००, ड्रेस वह्या पुस्तकं सगळं शाळेतूनच घ्यायचं. मिस्टर आणि मी दोघं कमावतो म्हणून ओढलं कसंतरी. पोरगी पोयम म्हणायची, एलिफंटचं स्पेलिंग घडाघडा सांगायची, आम्ही खुश. दुसरी संपत आली तेव्हा, एप्रिल २०२३ ची गोष्ट, सासूबाईंना कीर्तनाच्या पत्रिकेतली वेळ बघायची होती, चष्मा सापडेना, तर त्यांनी नातीला म्हणलं वाच गं. तिला वाचता येईना. मला वाटलं मराठी म्हणून अडलं असेल, मग तिच्याच इंग्लिशच्या पुस्तकातला न शिकवलेला धडा पुढं ठेवला तर तो पण येईना. पाठ असलेले धडे तेवढे बोट फिरवत म्हणायची, आणि बोट भलत्याच शब्दावर असायचं. त्या रात्री मला झोप नाही आली खरंच.

मी मग असर नावाच्या सर्वेक्षणाची पद्धत वापरून बघितली. प्रथम संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन हे करते, बातम्यांत त्यांचे आकडे दरवेळी येतात. चाचणी एकदम साधी असते, पोराला एकट्याला समोर बसवायचं आणि आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला द्यायची. गणितात अंक ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. यात पेपर नाही, मार्क नाहीत, येतंय की नाही एवढंच बघायचं. माझी लेक शब्दांवर अडकली. ४१ वजा १३ दिले तर तिनं ३२ लिहिले. का ते तिला विचारलं तर म्हणली, "तीनातून एक गेला दोन, चारातून एक गेला तीन." म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला माहिती, वरचा कोण आणि खालचा कोण याच्याशी काही संबंध नाही. हे ३२ मी विसरणार नाही. आणि त्या शाळेत शिकवणाऱ्या मिस लोकांना पगार किती होता म्हणाल तर दोघींची आरडी खाती आमच्याकडेच होती, सात हजार महिना, तो पण सुट्टीत नाही. म्हणजे जास्त पगार घेणारा शिकवत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं की कमी पगारात पण आपोआप काही होत नाही.

जून २०२३ ला तिसरीत जिल्हा परिषद शाळेत घातली. जावेनं विचारलं, "पैशाची अडचण आहे का?" मी नाही म्हणलं आणि विषय बंद केला.

शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, ओटा, चिंचेचं झाड, पट त्या वर्षी ५२. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक, म्हणजे एकेकाकडं दोन दोन वर्ग. पण आम्ही गेलो तेव्हा तिसरी चौथीच्या शिक्षकाची जागाच रिकामी होती. आधीचे सर बदली होऊन गेलेले आणि नवीन माणूस दिलेला नाही. एकट्या बाई चारही वर्ग ओट्यावर घेऊन बसायच्या. पहिलीची पोरं मण्यांशी, दुसरीची शब्दपट्ट्यांशी, आणि तिसरी चौथीला फळ्यावर उदाहरणं लिहून दिलेली, मधूनच कोणीतरी रडतंय, तेवढ्यात खिचडी शिजली का बघायला उठायचं. या बाईंची नोकरी २७ वर्षं झालीय, पगार किती ते मला माहितीय पण त्यांचा म्हणून इथं लिहिणार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीवाल्यांच्या ज्या स्लिपा माझ्याकडं येतात त्यावर ढोबळ पगार लाखाच्या आसपास असतो हे खरं आहे, लोक म्हणतात तो आकडा खोटा नाही. बारा वर्षांनी चटोपाध्याय, म्हणजे वरिष्ठ वेतनश्रेणी लागते, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, दर जुलैला तीन टक्के वाढ, त्यावर महागाई भत्ता. यातलं एकही कलम पोरं काय वाचतात त्याला जोडलेलं नाही, सगळं वर्षांना जोडलेलं आहे.

तरीपण या बाईंनी माझ्या पोरीला अडीच महिन्यांत वाचायला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला जवळ घेऊन वाचायला लावलं आणि मला शाळेत बोलावून घेतलं, म्हणल्या, "हिला मी पहिलीच्या पोरांत बसवणार, रोज एक तास, तुला वाईट वाटेल पण दिवाळीपर्यंत दम धर." मला वाईट वाटलंच. आठ वर्षांची पोरगी सहा वर्षांच्या पोरांत बसणार. पण बाईंनी तिला तिथं पोरांना अक्षरपट्ट्या वाटायचं काम दिलं, म्हणजे बसली पहिलीत पण मान तिसरीचा राहिला. गणपतीच्या सुट्टीत तिनं आरतीचं पुस्तक धरून सगळ्यांच्या आधी म्हणलं, पाठ नव्हे, अक्षर बघून, मी मागं उभी राहून बोट कुठंय ते बघत होते. बोट बरोबर शब्दावर होतं.

मग ऑक्टोबरला रिकाम्या जागेवर दुसऱ्या गावचे एक सर तीन महिन्यांसाठी कामगिरीवर आले. त्यांच्याबद्दल पण लिहिलंच पाहिजे नाहीतर हा रिव्ह्यू अर्धवट राहील. नोकरी पंधरा वर्षांची, पगार बाईंपेक्षा कमी आणि नवीन माणसापेक्षा कितीतरी जास्त. वर्गात असायचे, पण पोरांना "पान नंबर अमुक उतरवून काढा" सांगून खुर्चीवर मोबाईल. मोबाईलवर काय करत होते त्यातलं निम्मं शाळेचंच ऑनलाइन काम होतं हे मला नंतर कळलं, ते पुढं सांगते. पण पहिल्या सत्राचं प्रगती पुस्तक हातात आलं तेव्हा मला खरंच राग आला. गणिताच्या वर्णनात्मक नोंदीत लिहिलेलं, "गणिती क्रिया अचूक करते, उदाहरणे स्वतः तयार करते." माझ्या पोरीची हातच्याची वजाबाकी तेव्हापण चुकतच होती. शेजारच्या पोराचं पुस्तक बघितलं तर त्याच्यात पण तेच वाक्य, फक्त करते च्या जागी करतो. पलीकडच्या घरी बघितलं, तिथं पण तेच. तयार नोंदींची पीडीएफ मिळते व्हॉट्सॲपवर, त्यातून उतरवलेलं. तीन पोरं, तीन घरं, एकच वाक्य आणि सगळ्यांना अ श्रेणी. मी शाळेत जाऊन सरांना शांतपणे विचारलं तर म्हणले, "मॅडम, ब दिला तर वरून विचारतात का दिला, उपचारात्मक अध्यापनाची फाईल मागतात." म्हणजे खरं लिहिलं तर काम वाढतं आणि खोटं लिहिलं तर कोणी विचारत नाही. मला वाटतं पगारापेक्षा खरा घोळ इथं आहे. पोराला येत नाही हे लपवण्यात शिक्षकाचा फायदा होत असेल तर त्याचा पगार दुप्पट करा नाहीतर निम्मा करा, काय फरक पडणार?

मार्च २०२४ ला पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून नवीन सर आले. शिक्षण सेवक. वय तिशीच्या आतबाहेर, डीएड, बीए, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास, भरतीची टेट चाचणी दिलेली, घर इथून साडेचारशे किलोमीटर. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, २००० साली ही पद्धत सुरू झाली, पहिली तीन वर्षं पगार नाही तर मानधन. बरीच वर्षं प्राथमिकला ते महिना ६,००० होतं, १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. तीन वर्षं पूर्ण झाली की मग मूळ पगार २९,२०० वर घेतात आणि भत्ते धरून तो चाळीसच्या बराच पुढं जातो. काम पहिल्या दिवसापासून तेच, वर्ग तोच, जबाबदारी तीच. आणि २०२३ च्या जुलैमध्येच सरकारनं रिकाम्या जागांवर रिटायर्ड शिक्षकांना कंत्राटावर घ्यायचं ठरवलं तर त्यांना २०,०००. त्यांच्याकडं अनुभव आहे, घ्यावं त्यांना, पण नवीन पोराला त्याच्याहून चार हजार कमी हे मला तरी पटत नाही.

सरांनी आल्या आल्या काय केलं तर पोरांना सांगितलं शेतातून येताना तुरीच्या काड्या घेऊन या, सारख्या लांबीच्या तोडून. दहा दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले, त्याला म्हणायचं दशक, सुट्ट्या काड्या म्हणजे एकक. फळ्यावर ४१ वजा १३ अशी उदाहरणं. पोरीनं घरी येऊन मला करून दाखवलं, चार गठ्ठे आणि एक काडी मांडली, म्हणली, "आई, मला तीन काड्या द्यायच्यात पण माझ्याकडं एकच सुट्टी आहे, मग मी एक दशक सोडवते." रबर काढलं, अकरा काड्या झाल्या, तीन बाजूला ठेवल्या, आठ उरल्या, मग उरलेल्या तीन गठ्ठ्यांतला एक उचलला. "अठ्ठावीस." मग मी ५२ वजा २७ दिले, ते पण बरोबर. मग काड्याशिवाय वहीत, ते पण बरोबर. इंग्लिश मीडियमला दोन वर्षांत जे झालं नाही ते नऊ दिवसांत झालं, मी कॅलेंडरवर खूण केलेली म्हणून मला दिवस माहितीय.

हे सर एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर आले, जुनी टू व्हीलर घ्यायला ४०,००० कर्ज पाहिजे होतं. खोली भाडं २,५००, मेस २,८००, घरी आईला पाच हजार पाठवतात, वरून शाळेच्या कामाला तालुक्याला यायचं तर एसटी दिवसातून दोनच. आमच्या नियमाप्रमाणं कायम नोकरी नाही म्हणून दोन जामीनदार, तेपण याच तालुक्यातले. त्यांना इथं कोण ओळखतंय? मला स्वतःला त्यांना नाही म्हणावं लागलं. माझ्या पोरीला वजाबाकी शिकवणाऱ्या माणसाला मी काउंटरवरून परत पाठवलं, आणि त्याच दिवशी दुपारी पंधरा लाखांच्या घरकर्जाचा हप्ता भरायला जे आले त्यांच्या वर्गातली पोरं कशी वाचतात ते मला माहिती नाही, माझ्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. शेवटी बाई जामीन राहिल्या आणि दुसरे जामीनदार मिस्टर. हप्ता आजपर्यंत चुकलेला नाही, फक्त मानधन उशिरा जमा होतं तेव्हा ते आधी येऊन सांगून जातात, "ताई, पाच-सहा दिवस जातील."

यावरून कोणी असं काढू नका की बघा, १६ हजारवाला चांगलं शिकवतोय म्हणजे सगळ्यांना १६ हजारच द्या. काउंटरवर हे पण ऐकते मी आणि मला चीड येते. सर पहाटे पाचला उठून दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करतात, कुठलीपण चांगली पोस्ट लागली तर जाणार, आणि त्यांनी का जाऊ नये?

पगार आणि निकाल याच्यावर मोठे अभ्यास झालेले आहेत, मी गेल्या वर्षभरात जमेल तेवढं वाचलं. इंडोनेशियानं २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांना मूळ पगाराएवढा भत्ता दिला, म्हणजे जवळपास डबल. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सोबतच्या अर्थतज्ज्ञांनी साडेतीनशेच्या वर शाळा घेऊन तपासलं तर शिक्षक खुश झाले, जोडधंदे कमी केले, पैशाची ओढाताण कमी झाली, पण दोन-तीन वर्षांनी पोरांच्या मार्कांत काही फरक नाही. याच मुरलीधरन यांनी आंध्र प्रदेशात दुसरा प्रयोग केला, पोरांची जेवढी प्रगती तेवढा शिक्षकाला बोनस, सरासरी वर्षाच्या पगाराच्या तीन टक्के एवढाच, तर दोन वर्षांत तिथली पोरं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढं गेली. आणि तिथंच असं पण दिसलं की पाचव्या हिश्शाच्या पगारावरचे कंत्राटी शिक्षक शिकवण्यात कायमवाल्यांपेक्षा मागं नव्हते. वाचून मला आमचीच शाळा आठवली, पण मग वाटलं की आमच्या गावात असा बोनस लावला तर सगळ्यात आधी कोणाचं नुकसान होईल ते मला नावानिशी माहितीय.

ते सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, म्हणजे २०२५ च्या मार्च एप्रिलमध्ये, निपुण महाराष्ट्र या सरकारच्या वाचन-गणिताच्या कार्यक्रमातून चावडी वाचन झालं. मारुतीच्या पारावर सतरंजी, गावातली म्हातारी माणसं, सरपंच, बचत गटाच्या बायका, आणि एकेक पोर उभं राहून न बघितलेला उतारा वाचणार आणि एक उदाहरण सोडवणार. मला ही पद्धत फार आवडली. प्रगती पुस्तकात काही पण लिहिता येतं, पारावर नाही येत. माझ्या लेकीनं गोष्ट वाचली, मधे एका आजोबांनी थांबवून विचारलं "मग कोल्ह्यानं काय केलं?" तर तिनं स्वतःच्या शब्दात सांगितलं. दुसरीतली बाईंची पोरं तर धडाधड वाचत होती. चौथीतल्या १४ पैकी ११ पोरांनी गोष्ट वाचली. उरलेली तीन ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळीच्या आसपास आई-बापासोबत कारखान्याला जातात आणि मार्च एप्रिलला येतात, अर्धं वर्ष कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत. त्यातला एक पोरगा उठला, पहिल्या ओळीतले दोन शब्द वाचले आणि गप्प झाला. कोणीतरी मागून हसलं. सर उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणले, "याला पाढे विचारा." पोरानं सतराचा पाढा न अडखळता म्हणला, आणि उसाच्या मोळ्यांचा तोंडी हिशोब असा केला की सरपंच बघत राहिले.

आता मला सांगा, सरांचा पगार या पोराच्या वाचनावर ठरवायचा का? ठरवला तर पुढच्या वर्षी कुठलेही सर त्याचं नाव पटावर घ्यायला राजी होतील का? हंगामी वसतिगृहाची सोय आहे कागदावर, आजीजवळ राहिला तर जेवणाचं बघतात, पण या पोराची आजीच पण कोयता घेऊन जाते. इथं कमी आहे ती आणखी वेगळीच, पगाराची नाही. परीक्षेचे आकडे बघताना कोण पोरं कुठून आली, वर्षातले किती दिवस वर्गात होती हे जोडून बघितलं नाही तर दोन तालुक्यांची, दोन शाळांची तुलना चुकीचीच होणार. पण तीन पोरांकडं बोट दाखवून अकरांचं पण सोडून द्यायचं हे पण नको.

बिनशिकवणीची कामं. हे प्रत्येक शिक्षक सांगतो आणि लोक म्हणतात बहाणे, म्हणून मी मुद्दाम वहीत लिहून ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये, जेव्हा तिसरी चौथीला शिक्षकच नव्हता, तेव्हा २३ तारखेपासून मराठा समाजाच्या सर्वेक्षणाला बाईंना घरोघर मोबाईल घेऊन फिरवलं, दहा-अकरा दिवस. मग लोकसभा, मग २० नोव्हेंबरची विधानसभा, प्रशिक्षण एक दोन तीन, मतदान साहित्य, आणि दोघांपैकी एकाकडं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम वर्षभर. आरटीई कायद्यात जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच तीन कामं सोडून बाकी लावू नका म्हणलंय, पण विचारतंय कोण. त्यात रोजची माहिती, आज किती जेवले, तांदूळ किती शिल्लक, फोटो अपलोड करा, लिंक भरा, दुपारी तीनला मेसेज येतो की चारपर्यंत माहिती पाठवा. नेट नसलं की सर चिंचेच्या झाडाखालून उठून टाकीच्या चढावर जाऊन उभे राहतात, वर्ग तसाच. माझ्या मोजणीप्रमाणं चौथीच्या वर्षात सर पूर्ण दिवस वर्गावर नव्हते असे ३१ दिवस झाले, त्यातली त्यांची स्वतःची रजा फक्त चार. २७ दिवसांचा त्यांना पगार सरकारनं दिला आणि शिकवणं माझ्या पोरीला मिळालं नाही. हा हिशोब कोणी मांडत नाही. काउंटरवर लाखाचा आकडा बोलणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनचा संप झाला तेव्हा आम्ही इंग्लिश मीडियमला होतो, सात दिवस गावची शाळा बंद, आणि मी पण त्या वेळी म्हणलेलं की एवढा पगार घेऊन वर पेन्शन पण पाहिजे यांना. तेव्हा फक्त स्लिपा बघत होते. आता वर्ग बघितल्यावर मला वाटतं पेन्शन, पगार हे त्यांच्या घराचं आहे, मिळावं. पण त्याच्या बदल्यात चावडी वाचनासारखी तपासणी दर वर्षी झाली पाहिजे आणि नोंदी खऱ्या लिहिल्या पाहिजेत, हे शिक्षक संघटनांनी पण तेवढ्याच जोरात म्हणावं. असरचेच आकडे बघा, देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची पोरं २०२२ ला १६.३ टक्के होती, २०२४ ला २३.४ टक्के झाली. या दोन वर्षांत काही नवा वेतन आयोग आला नव्हता. माझ्या मते सगळीकडं पायाभूत वाचनाचा धोशा लागला म्हणून वाढली. पण तरीपण चारातली तीन पोरं वाचत नाहीत, हे विसरून कसं चालेल.

बाकी सोयी थोडक्यात सांगते. फी शून्य, पुस्तकं आणि गणवेश मिळतो, गणवेश त्या वर्षी उशिरा आला आणि मापाचा नव्हता, मी घरी उसवून शिवला. खिचडी चांगली असते, मटकीच्या दिवशी पोरगी डबा नेत नाही. पाण्याची टाकी आहे. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, दोन मैत्रिणी बाहेर उभ्या राहायच्या, व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये तीनदा विषय काढला तेव्हा लोहार आणून लावली, १८० रुपये, ते पण बाईंनी स्वतःचे दिले आणि पावती फाईलला लावली. हे मला खटकलं, त्यासाठी समितीकडं पैसे असायला पाहिजेत. इंग्रजी कमी पडतं हे खरं. सर प्रयत्न करतात पण त्यांचं स्वतःचं बोलणं अडखळतं, ज्यांना तेच महत्त्वाचं वाटतं त्यांनी विचार करून घ्या. माझी पोरगी आता मराठी नीट वाचते आणि त्याच्या जोरावर इंग्रजी वाक्य जुळवून वाचते, मला तेवढं पुरे आहे. पाचवीच्या स्कॉलरशिपला बसवणार आहे, दोन पेपर, तीनशे मार्क, गणित आणि बुद्धिमत्ता मिळूनच दोनशे, तयारी काड्यांपासून झालेली आहे.

रेटिंग विचाराल तर शिकवण्याला पाचपैकी साडेचार, त्यातला अर्धा त्या तीन महिन्यांचा कापलाय. वरच्या कारभाराला, म्हणजे जागा आठ महिने रिकामी ठेवणं आणि शिकवणारा माणूस दुसऱ्या कामाला नेणं, याला एक. कोणाला आपलं पोर घालायचं असेल तर शाळेत जाऊन शिक्षकाची नोकरी किती वर्षं आणि पगार किती हे विचारू नका. दुसरीतली चार पोरं बोलावून घ्या, पेपरची एक बातमी वाचायला द्या, आणि दोन शिक्षक खरोखर हजर आहेत का ते बघा, एक कागदावर आणि एक वर्गात असं नको.

बाई मे २०२६ ला रिटायर होतायत. पहिली दुसरीला कोण येणार ते कोणालाच माहिती नाही, आणि मागच्यासारखी जागा रिकामी राहिली तर आत्ता जी पोरं अक्षरं शिकतायत ती तिथंच अडकतील. माझी लेक बाहेर पडली त्यामुळं मी समितीत आता नाही, पण १६ जूनला शाळा उघडली त्या दिवशी आम्ही सात-आठ जणी बसलो आणि पंचायत समितीला अर्ज लिहिला, बाई जायच्या आधी त्यांच्या जागी माणूस द्या, महिनाभर दोघींना सोबत वर्गात राहू द्या, आणि शिक्षण सेवक सरांना कामगिरीवर दुसरीकडं नेऊ नका. मसुदा मी केलाय. ४३ सह्या झाल्यात, ऊसतोडीच्या घरांच्या सह्या राहिल्यात, त्या रविवारी करून घेणार आहे.